नाशयादीवरील दुसरी सही

नांदेड,
दि. ११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. उमादेवी यांस,
वैजनाथ बिराजदार याचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या थोरल्या भगिनी, म्हणजे माझी पत्नी तारामती, यांना समाधी देऊन आज दहा आठवडे पूर्ण झाले. त्यांच्या दिवसकार्याला, शिवगणाराधनेला, तुम्ही व तुमचे यजमान संगप्पा आलात, चार दिवस राहिलात, स्वयंपाकघर सांभाळलेत, त्याबद्दल त्या वेळी दोन शब्द बोलावयाचे राहून गेले. ते येथे नोंदवितो. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून यापुढेही पत्रच लिहीन. राग नसावा.

आता कामाचे. चि. सुदर्शन मला हैदराबादला कायमचे नेऊ म्हणतो. जानेवारीअखेर हे घर भाड्याने द्यावयाचे ठरत आहे. अडचण एकच आहे, ती म्हणजे कागदांची. मधल्या खोलीतील दोन लोखंडी कपाटांत सदतीस गठ्ठे आहेत. दिवाळीत सुदर्शन त्यांच्यापुढे उभा राहून म्हणाला, "बाबा, दोन हजार नऊची गॅसजोडणीची पावती? गॅससुद्धा संपला असेल की हो आता!" सूनबाई पुनम म्हणाली, "मामंजी, मोबाईलवर फोटो काढून ठेवू आणि रद्दीवाल्याला बोलावू. वीस मिनिटांचं काम आहे." मी तिला सांगितले की वीस मिनिटांत कपाटाचे कुलूपसुद्धा नीट उघडत नाही.

तुम्हाला आमच्या घरची पद्धत ठाऊक असेलच. चौतीस वर्षे सरकारी कार्यालयाच्या हिशेब शाखेत काढल्यावर घरातील कागदांनाही मी तोच नियम लावला. घराचे खरेदीखत, सातबारा, गॅसजोडणीचे कागद, सेवापुस्तिकेची प्रत हे 'अ' वर्गात, कायमचे. विम्याचे व भविष्य निर्वाह निधीचे 'ब' वर्गात, तीस वर्षे. कराचे, बँकेचे, दवाखान्याचे कागद 'क' वर्गात, दहा वर्षे. वीज, दूध, किराणा यांचे 'ड' वर्गात, एक वर्ष. दर वर्षी मुदत संपलेल्या कागदांची नाशयादी दोन प्रतींत करावयाची, तिच्यावर दोघांनी सह्या करावयाच्या आणि मग ते गठ्ठे कॉलनीच्या होळीत द्यावयाचे. तारामती म्हणत असे, "लग्नात दोन सह्या झाल्या नव्हत्या, त्या तुम्ही दर वर्षी करून घेता." परंतु करीत असे.

यंदाची यादी मी तयार केली आहे. दुसऱ्या सहीची जागा रिकामी आहे. एकाच सहीने कागद नष्ट करणे मला आजवर जमलेले नाही व आता या वयात जमेल असे वाटत नाही. तिच्या वतीने तुम्ही सही करावी, अशी विनंती आहे. दोन्ही प्रती व तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडले आहे. सही जेथे करावयाची तेथे पेन्सिलीने फुली केली आहे.

संगप्पांना नमस्कार.

आपला,
वै. शि. बिराजदार


लातूर,
२४ नोव्हेंबर

ती. दाजी यांस,
उमादेवीचा शरणार्थ.

पत्र मिळालं. ह्यांनी वाचून दाखवलं, मग मी परत एकदा वाचलं. अक्षर तुमचं छापल्यावानी असतं, अक्का म्हणायची की दाजी किराण्याची यादी लिहितेत ती पण कोर्टात चालंल.

दाजी, तुमचा राग येऊ नये, पण मी सही करणार न्हाई. दोन्ही प्रती तुमच्याच पाकिटात घालून परत पाठवून राहिले. पेन्सिलीची फुली खोडली न्हाई.

आमच्याकडं कागदाला कसला नियम न्हाई. एक तार हाय, भिंतीला खिळ्यावर. बिल आलं की तारेला टोचायचं. तार भरली की ह्यांनी दुसरी तार आणायची. परवा ह्यांना म्हणलं की दाजींसारखं वर्ग करा, तर म्हणतेत, "मी पाचवीत दोनदा बसलोय, मला आणखी वर्ग नको." असं हाय आमचं.

तुम्ही जाळायची घाई करू नका एवढंच माझं म्हणणं. सुदर्शनला म्हणावं थोडा दम धर. अक्काच्या सहीच्या जागी मला सही घालवत न्हाई. तिची त्या यादीवर शेवटची सही झाली ती झाली, तीच लई झाली. त्याच्यावर मी आता काय लिहू.

जेवण वेळेवर करत जावा. डब्याची बाई येते का? ज्वारीचं पीठ पाठवलंय सुदर्शनच्या मित्राबरोबर, चाळून घ्यायला लावा.

तुमची,
उमा


नांदेड,
दि. ५ डिसेंबर २०२४

चि. सौ. उमादेवी यांस,
अनेक आशीर्वाद.

परत आलेल्या प्रती मिळाल्या. तुमच्या पत्रातील एक वाक्य मी अनेकवार वाचले: "तिची त्या यादीवर शेवटची सही झाली ती झाली, तीच लई झाली." त्याचा अर्थ मला कळला आहे. तुम्ही सभ्यपणे लिहिलेत. परंतु तुमच्या मनात जे आहे ते माझ्याही मनात रोज आहे. तेव्हा ते मीच स्पष्ट लिहितो, म्हणजे तुम्हाला लिहावे लागणार नाही.

तारामतीची पहिली शस्त्रक्रिया नोव्हेंबर २०१३ मध्ये तुमच्याच लातुरात झाली. ती फाईल, पाने त्रेसष्ट, 'क' वर्गात होती. आर्थिक वर्षाप्रमाणे तिची मुदत ३१ मार्च २०२४ रोजी संपत होती. होळी होती २४ मार्चला. सात दिवस कमी भरत होते. नियमाप्रमाणे ती फाईल पुढच्या होळीपर्यंत थांबावयास हवी होती. चौतीस वर्षांत मी कोणाला एक दिवसाची सवलत दिली नाही; ही सात दिवसांची स्वतःला दिली, कारण कपाटात जागा करावयाची होती. यादीत अनुक्रमांक चौदा. तिने सही केली. निळ्या दोरीचा तो गठ्ठा मी स्वतःच्या हाताने होळीत टाकला.

मे महिन्यात तिची पाठ दुखू लागली. १४ जूनला येथील डॉक्टरांनी विचारले, "पूर्वीचे कागद कुठे आहेत? गाठ कोणत्या प्रकारची होती, कोणते औषध लागू पडले, ते त्यात असेल." लातूरचा तो दवाखाना बंद होऊन पाच वर्षे झाली होती. तारामती खाली पाहत म्हणाली, "यांनी होळीत घातले. यादी आहे."

आणि मी काय केले, उमादेवी? मी रिक्षाने घरी गेलो, ती यादी काढली आणि आणून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, दोन्ही सह्या पाहिल्या आणि माझ्याकडे पाहिले. त्यांच्या त्या पाहण्याचे वर्णन मला करता येणार नाही. पुढे हाडाचा तुकडा काढून मुंबईला पाठवावा लागला. उत्तर येण्यास बावीस दिवस लागले. त्या बावीस दिवसांत ती उठून बसेनाशी झाली.

ती गेल्यानंतर मी डॉक्टरांना भेटून विचारले, "कागद असते तर?" ते म्हणाले, "सर, तीन आठवडे वाचले असते. त्या तीन आठवड्यांचं काय झालं असतं, ते मला सांगता येणार नाही."

मलाही सांगता येत नाही. सदतीस गठ्ठ्यांपैकी रोज एक सोडतो. हा जाळला आणि उद्या कोणी मागितला तर, असे वाटते. आता मागणार कोण, हेही कळते. पुन्हा बांधून ठेवतो.

शिवगणाराधनेच्या वेळी हे तुम्हाला समोर बसवून सांगावयाचे होते. तुम्ही भाकरी थापत होतात. धीर झाला नाही. तुम्ही मला दोषी मानीत असाल तर तसे स्पष्ट लिहा. मी ते अमान्य करणार नाही. परंतु न लिहिता सही नाकारणे मला सोसत नाही.

आपला,
वै. शि. बिराजदार


लातूर,
२ जानेवारी

ती. दाजी यांस,
उमाचा शरणार्थ.

तुमच्या पत्राला चार आठवडे झाले. तीनदा लिहाय बसले अन् उठले. हे म्हणले, "लिहायचं तर लिही, न्हाई तर मी जाऊन सांगतो. तो माणूस तिकडं झुरून मरंल."

दाजी, ती फाईल जळलेली न्हाई. माझ्या पेटीत हाय, साड्यांच्या खाली. मार्चपासून.

अक्का महाशिवरात्रीला आली होती की न्हाई आमच्याकडं, सिद्धेश्वराच्या यात्रेला? तेव्हाच घेऊन आली पिशवीत. पाठ तिची संक्रांतीपासनं दुखत होती, मे महिन्यापासनं न्हाई. तुम्हाला मे मध्ये कळलं. मला म्हणली, "उमे, उद्या माझ्याबरोबर चल, पण कुणाला सांगायचं न्हाई." ह्यांना पण तेव्हा सांगितलं न्हाई. आम्ही दोघी दुसऱ्या एका डॉक्टरकडं गेलो. त्यांनी सगळी फाईल बघितली, एक फोटो काढला पाठीचा. मग म्हणले, तेच दुखणं परत आलंय, हाडात गेलंय. औषध घेतलं तर वरीस, दीड वरीस, सांगता येत न्हाई. पुरतं बरं होणार न्हाई. अक्कानं नुसतं "बरं" म्हणलं.

घरी आल्यावर फाईल माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडं. घरी ह्यांनी यंदाच्या यादीत घेतलीय." मी म्हणलं, दाजींना सांग, ते मुंबईला नेतील, कुठं बी नेतील. तर म्हणली, "म्हणूनच तर."

मी लई भांडले दाजी. बहिणीची शपथ घातली. तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते आजपर्यंत तुम्हाला कुणी सांगितलेलं नसणार. तुम्ही घरातले मोठे, कसं लिहावं कळंना, पण लिहिते.

पहिल्या ऑपरेशनचा पैसा सरकारकडनं मिळवायला तुम्ही सगळी फाईल ऑफिसात दिली होती. तीन प्रती. सगळं जोडलं, ऑपरेशनचं वर्णन, फोटो, सगळं. ती टेबला टेबलावरनं फिरली. पुढच्या संक्रांतीला कॉलनीत हळदीकुंकू होतं. वाण देताना एक बाई सगळ्या बायकांपुढं म्हणली, "ताराबाई, तुमची फाईल आमच्या ह्यांच्याच टेबलावरनं गेली. पान न् पान वाचलं ह्यांनी. लई सोसलं हो तुम्ही." चांगल्याच मनानं म्हणली असंल बिचारी. पण तीस बायकांनी एकदम अक्काच्या पदराकडं बघितलं. अक्का म्हणली, "उमे, मला वाटलं मी तिथं उघडी उभी हाय." त्याच्यानंतर ती कधी हळदीकुंकवाला गेली न्हाई.

"आता परत चिरफाड, परत कागद," म्हणली. "सुदर्शनचा विमा हाय, त्याच्या कंपनीत फाईल जाणार. पोराच्या बरोबरीची पोरं वाचणार. दीड वरसासाठी मला ते नको." मी म्हणलं, तर मग दाजींना नको म्हणून सांग. हसली. म्हणली, "ह्यांना नको म्हणलेलं कळत न्हाई गं. ह्यांना नियम कळतो. नियमानं गेलं म्हणलं की गप बसतेत."

निळी दोरी तिनंच जुन्या दिवाळी अंकांना बांधली, तुम्ही होळीत टाकलं ते तेच. जूनमध्ये दुखणं सोसंना तेव्हा दवाखान्यात आली, ते पण तुम्ही हट्ट धरला म्हणून. तिथं ती बोलली ते खोटं बोलली. त्या रात्री मला फोन केला अन् म्हणली, "आज ह्यांना माझ्यापायी मान खाली घालायला लावली. देव मला माफ करणार न्हाई." मी म्हणलं, आता तरी सांगते मी. तर म्हणली, "माझं मेलेलं तोंड बघशील." ते बी बघितलं मी.

तुम्ही मला दोषी मानता का म्हणून विचारलंत. दाजी, कागद माझ्या पेटीत होते अन् तुम्ही बावीस दिवस मुंबईच्या उत्तराची वाट बघत होता. आता तुम्हीच सांगा दोषी कोण.

फाईल पोस्टानं पाठवायची हिंमत होत न्हाई, वाटेत कुणी उघडली तर. रविवारी हे स्वतः घेऊन येतील. सकाळच्या एसटीनं. त्यांना जेवण नको म्हणून आधीच सांगितलंय, तुम्ही धांदल करू नका.

तुमची,
उमा


नांदेड,
दि. २० जानेवारी २०२५

चि. सौ. उमादेवी यांस,
अनेक आशीर्वाद.

संगप्पा रविवारी आले. फाईल त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळून आणली होती. दोन तास माझ्याजवळ बसले, मग "येतो दाजी" म्हणून गेले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. माझ्या वतीने क्षमा मागावी.

तुमचे पत्र वाचल्यावर प्रथम जे वाटले तेच प्रथम लिहितो. सुटलो, असे वाटले. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला झोप लागली. सकाळी उठलो तेव्हा हे सुटणे काय आहे ते कळले. दोष माझा होता तोवर निदान तिच्या शेवटच्या दिवसांत मी कोठेतरी होतो. आता असे दिसते की मार्चपासून सप्टेंबरपर्यंत ती या घरात एकटी होती, आणि मी समोर बसून जेवत होतो.

फाईलमध्ये आता पासष्ट पाने आहेत. शेवटची दोन गेल्या मार्चची. त्यांवर डॉक्टरांनी लिहिले आहे: "सोबत आलेले नातेवाईक: बहीण." त्याखाली: "पतीस कळवू नये, रुग्णाची इच्छा." चौतीस वर्षे कागद वाचण्यात गेली, परंतु एखादा कागद मला उद्देशून लिहिलेला आहे असे प्रथमच वाटले.

त्या संक्रांतीचे मला काहीही ठाऊक नव्हते. तिने हळदीकुंकवाला जाणे सोडले, तेव्हा "बरे झाले, वाणाचा खर्च वाचला" असे मी म्हटल्याचे आठवते. आणि माझे ते पत्रही फाईलमध्ये आहे: "सोबत संपूर्ण अहवाल तीन प्रतींत सादर." संपूर्ण अहवालाची आवश्यकता नव्हती, उमादेवी. नियमाप्रमाणे देयके व एक प्रमाणपत्र पुरले असते. कोणी त्रुटी काढू नये म्हणून मी सर्व जोडले. परतावा एका महिन्यात मंजूर झाला, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

दोषी कोण, असे तुम्ही विचारलेत. तुम्ही नाही. ती ज्या दिवशी ते ऐकावयास गेली त्या दिवशी तिच्याशेजारी कोणीतरी बसलेले होते, आणि ते तुम्ही होतात. याचे ऋण फेडण्याची मला कोणतीही रीत ठाऊक नाही.

गठ्ठ्यांविषयी सुदर्शनला कळविले आहे. खरेदीखत व सातबारा त्याने ठेवावा. बाकीचे काय ठेवावे, किती दिवस ठेवावे, ते पुनमने ठरवावे. मला आता त्यांची मुदत ठरविता येत नाही. फाईल मात्र मी कोणाच्या हाती देणार नाही, त्यांच्याही नाही.

एक विचारावयाचे आहे. इतकी वर्षे मी तिला तारखा विचारल्या, रकमा विचारल्या; हे विचारण्याची सवय नाही, म्हणून शब्द चुकल्यास सांभाळून घ्या. त्या दिवशी डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर तुम्ही दोघी कोठे गेलात? तिने काही खाल्ले का? ती रडली का? तुम्हाला आठवेल तेवढे लिहा. माझी गय करू नका.

आपला,
वैजनाथ


लातूर,
२८ जानेवारी

ती. दाजी यांस,
उमाचा शरणार्थ.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, गाळत काही न्हाई.

बाहेर आल्यावर अक्का म्हणली, चल, गंजगोलाईच्या बाजारात जाऊ, आलोच हाय तर. तिथं तिनं मला दोन परकर घेऊन दिले, भाव करून, दुकानदाराला रडवलं. मग एका गाड्यावर भजी खाल्ली. तिखट लागलं म्हणून दोघी हसलो. ती रडली न्हाई. मीच रडत होते, तर म्हणली, "नाक पूस, बायका बघून राहिल्यात."

घरी येऊन आडवी पडली, भिंतीकडं तोंड करून. तासाभरानं तुमचा फोन आला तिच्या मोबाईलवर. तुम्हाला आठवतंय का न्हाई कुणास ठाऊक. गॅसवाला दारात उभा होता अन् तुम्हाला ग्राहक नंबर सापडंना. पुस्तक कोणत्या गठ्ठ्यात हाय म्हणून तुम्ही विचारत होता. अक्कानं पडल्या पडल्याच नंबर सांगितला, तोंडपाठ. तुम्ही लिहून घेऊस्तोवर दोनदा सांगितला. आवाजात तिच्या काही फरक न्हवता. वर म्हणली, जेवलात का, दही झाकून ठेवलंय.

फोन ठेवला अन् मला म्हणली, "उमे, मी गेल्यावर ह्यांना एक नंबर सांगायला कुणी न्हाई गं."

मग रडली. अंधार पडेपर्यंत रडली.

तुमची,
उमा